मागून येणाऱ्यासाठी वाट झाडणारे गाडगेबाबा



रस्ता सुरक्षेचा पाठ म्हटला की आपण फळ्यावर सिग्नलचे तीन रंग काढतो. मुलांना ते पाठ असतात. तरी शाळा सुटताना फाटकाबाहेर काय गोंधळ होतो, ते तुम्ही रोज बघता. यात मीही दोषी आहे. एकदा घाईत मी स्कूटर फाटकालगत लावली. एका आजींना नातवाचा हात धरून तिला वळसा घालायला भर रस्त्यात उतरावं लागलं आणि मागून टेम्पो आला. ब्रेक लागला म्हणून निभावलं. तेव्हापासून हा पाठ मी सिग्नलपासून नाही, गाडगेबाबांपासून सुरू करते.

बाबांचा जन्म 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. वडील दारूपायी लवकर गेले, आई सखुबाई त्यांना घेऊन माहेरी आली. मामाकडे गुरं राखत, शेतात राबत डेबूजी मोठे झाले. शाळा त्यांना मिळाली नाही. 1905 साली संसार सोडून ते बाहेर पडले. अंगावर चिंध्या, सोबत मातीचं फुटकं गाडगं आणि हातात खराटा.

सुरुवातीच्या काळातच त्यांचं लक्ष ऋणमोचनच्या यात्रेकडे गेलं. पूर्णा नदीच्या घसरड्या काठावरून भाविकांना उतरावं लागे. बाबांनी खटपट करून तिथे घाट बांधवला. लोकांनी पाय जपून टाकावा, एवढं सांगून ते थांबले नाहीत. पाय घसरणार नाही अशी जागाच त्यांनी करून दिली.

पुढे आयुष्यभर एकच क्रम. गावात शिरायचं ते रस्ता झाडत. काटे, खडे, घाण दूर करायची, संध्याकाळी कीर्तन करायचं आणि पुढच्या गावाची वाट धरायची. मुलांना इथे जरूर विचारा, बाबा हा रस्ता कुणासाठी झाडत होते? ते स्वतः तर उद्या निघून जाणार होते. झाडलेल्या वाटेवरून चालणार होती ती गावातली म्हातारी माणसं आणि अनवाणी पोरं.

लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी शाळा आणि धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. आपल्या मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आणि नातेवाइकांना आसरा देते. त्यांचं शेवटचं कीर्तन नोव्हेंबर 1956 मध्ये वांद्र्याला झालं. 20 डिसेंबर 1956 रोजी अमरावतीकडे जाताना, वलगावजवळ पेढी नदीपाशी, प्रवासातच त्यांनी देह ठेवला. जन्म रस्त्यावर काढला आणि अखेरही रस्त्यातच झाली.

आता आपल्या विक्रोळीकडे या. पार्कसाइटहून स्टेशनला यायचं तर एलबीएस मार्ग, कन्नमवार नगरातून यायचं तर हायवे ओलांडावा लागतो. दोन्हीकडे चालणाऱ्याचा जीव चालवणाऱ्याच्या हातात असतो. चालणाऱ्यानेही मोबाइल खिशात ठेवून, सिग्नल पाहूनच पाऊल टाकायला हवं. पण ज्याच्याकडे गाडी आहे, त्याची जबाबदारी जास्त. फुटपाथवर लावलेली बाइक म्हणजे वाटेत टाकलेला काटाच. म्हाताऱ्या माणसामागे वाजवलेला हॉर्न त्याला घाबरवतो, आणि घाबरलेला माणूस चुकीच्या बाजूला पाऊल टाकतो.

वर्गात एक करून बघा. मुलांना घरून निघाल्यापासून शाळेपर्यंत वाटेत काय काय आडवं येतं, त्याची यादी करायला सांगा. त्यातलं आपल्या घरच्या माणसांनी ठेवलेलं काय आहे, त्याखाली रेघ मारायला सांगा. ती यादी पालक सभेत वाचा. आधी आपली स्वतःची एक ओळ वाचा; मी माझ्या स्कूटरचीच वाचली होती. आता ती मी गल्लीच्या टोकाला लावते आणि चालत येते. तीन मिनिटं जास्त लागतात, पण फाटकासमोरची वाट मोकळी राहते.