फुलांचे हार रंगवणारे ब्रदर

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आपण कबरींवर झेंडूची फुले वाहतो. जालन्याहून भोकरदनकडे जाताना राजूर लागते. तिथे चतुर्थीला राजुरेश्वराच्या मंदिराजवळ हारांची दुकाने आपण सर्वांनीच पाहिली आहेत. हार घालणे म्हणजे काय, हे आपल्या मुलुखात कोणाला शिकवावे लागत नाही. म्हणूनच आज आम्ही आयुष्यभर हारच रंगवणाऱ्या एका चित्रकाराची ओळख करून देत आहोत: येशूसंघाचे ब्रदर डॅनियल सेगर्स. त्यांचे निधनही २ नोव्हेंबरलाच झाले, १६६१ साली.

त्यांचा जन्म ३ डिसेंबर १५९० रोजी आजच्या बेल्जियममधील अँटवर्प शहरात झाला. काळ धर्मकलहाचा होता. १५६६ मध्ये याच शहरात जमावाने चर्चमधले पुतळे व चित्रे फोडली होती. डॅनियल लहान असतानाच वडील वारले. आई मुलाला घेऊन उत्तरेकडील डच प्रदेशात गेली आणि तिने कॅल्विनचा पंथ स्वीकारला. त्या पंथात पवित्र मरियेच्या पुतळ्याला हार घालणे ही मूर्तिपूजाच मानली जाई. अशा घरात हा मुलगा वाढला.

१६११ मध्ये ते अँटवर्पला परतलेले दिसतात. संत लूकच्या नावाने चालणाऱ्या चित्रकारांच्या संघात त्यांची नोंद झाली आणि यान ब्रूगेल हे त्यांचे गुरू झाले. मध्ये मरियामाता आणि भोवती फुलांचा हार, हा चित्रप्रकार ब्रूगेल यांनीच थोडे आधी, मिलानचे कार्डिनल फेडेरिको बोरोमेओ यांच्यासाठी रंगवायला सुरुवात केली होती. सेगर्स पुन्हा कॅथलिक झाले आणि १६१४ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ते धर्मगुरू झाले नाहीत, ब्रदरच राहिले. १६२५ मध्ये अखेरची व्रते घेतल्यावर ते रोमला गेले आणि दोनेक वर्षांनी अँटवर्पला परत आले.

त्यांच्या चित्रातला मधला भाग बहुधा दुसरा चित्रकार रंगवी, कधी एरास्मुस क्वेलिनुस, कधी कॉर्नेलिस स्खुट. तो अनेकदा करड्या दगडात कोरल्यासारखा असे. भोवतीची फुले मात्र आत्ताच खुडलेली वाटत. वसंतातला ट्यूलिप आणि उन्हाळ्यातला गुलाब त्यांच्या हारात शेजारी बसतात. कोणत्याही माळ्याला एका दिवशी असा हार गुंफता आला नसता.

त्या काळच्या लोकांना फुलांची भाषा कळे. पांढरी लिली म्हणजे मरियेची निर्मळता. गुलाब म्हणजे तिची प्रीती, आणि त्याचा काटा म्हणजे दुःख. कार्नेशनच्या लवंगेसारख्या कळीत त्यांना क्रुसाचे खिळे दिसत. आपले कृष्णकमळच घ्या. आपल्याकडे त्यात कौरव-पांडव मोजतात, तर १६१० च्या सुमारास रोममध्ये त्याच फुलात काटेरी मुकुट, खिळे आणि जखमा मोजल्या जात होत्या. मात्र प्रत्येक पाकळीत अर्थ शोधत बसू नये, असे आम्हाला वाटते. काही फुले नुसती सुंदर म्हणूनही रंगवलेली असतात.

सेगर्स यांची चित्रे विकली जात नसत. येशूसंघ ती राजेरजवाड्यांना भेट देई. १६४५ मधले एक चित्र डच प्रजासत्ताकाचा सेनापती, ऑरेंजचा राजपुत्र फ्रेडरिक हेन्री याच्याकडे गेले. तो प्रॉटेस्टंट, कॅथलिक स्पेनशी लढणारा. त्याच्या राज्यात उघडपणे मिस्सा साजरी करण्यास बंदी होती. आणि चित्राच्या मध्यभागी होता पवित्र मरियेचा पुतळा! ज्या प्रदेशात आईने तिची चित्रे सोडली, तिथेच मुलाने ती फुलांच्या वेढ्यातून पाठवली. त्या फुलांनी आत नेले नसते, तर कोणा धर्मगुरूला हा पुतळा दरबारात नेता आला नसता, असे आमचे मत आहे. पुढे ऑरेंज घराण्याकडून ब्रदर सेगर्स यांना सोन्याची रंगपट्टी भेट आली.

कोणते चित्र कोणाला गेले, याची यादी ते स्वतः ठेवत. तिच्यात सुमारे २४० चित्रे आहेत. १७७३ मध्ये पोपमहोदयांनी येशूसंघ बरखास्त केला, तेव्हा अँटवर्पच्या मठातली चित्रे इकडेतिकडे पांगली. राजपुत्राला दिलेले चित्र मात्र आजही डच भूमीवरच, हेग शहरातील मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. सेगर्स आपल्या चित्रांवर सही करताना नावापुढे संघाचेही नाव लिहीत.