संपाचा हक्क आणि फिलिप रँडॉल्फ

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा म्हटला की आपल्या कार्यकर्त्यांना मार्टिन ल्यूथर किंग आठवतात. पण १९६३ च्या ज्या वॉशिंग्टन मोर्चात किंग यांचे भाषण गाजले, त्याचे प्रमुख होते ७४ वर्षांचे ए. फिलिप रँडॉल्फ. रेल्वे कामगारांच्या या पुढाऱ्याचे नाव आपल्या व्यासपीठांवर फारसे ऐकू येत नाही.

१५ एप्रिल १८८९ रोजी फ्लोरिडात त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक, पोटासाठी शिवणकाम करणारे. १९११ मध्ये रँडॉल्फ न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत आले. १९१७ मध्ये चँडलर ओवेन यांच्यासोबत 'मेसेंजर' मासिक काढले. घर चाले ते पत्नी ल्युसिल यांच्या ब्युटी पार्लरच्या कमाईवर. चळवळीतल्या आपल्या घरांना हे नवे नाही.

पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यांत पोर्टर म्हणून प्रामुख्याने कृष्णवर्णीय असत. कंपनीचा संस्थापक जॉर्ज पुलमन, म्हणून प्रवासी प्रत्येक पोर्टरला 'जॉर्ज' अशीच हाक मारत. गुलामाला मालकाच्या नावाने ओळखण्याचीच ही रीत! महिन्याला सुमारे ४०० तास काम, पगार तुटपुंजा, मदार प्रवाशांच्या बक्षिसीवर. प्रवाशांचे बूट चमकवायचे पॉलिशसुद्धा पदरचे. २५ ऑगस्ट १९२५ रोजी या पोर्टरांची संघटना उभी राहिली. रँडॉल्फ कंपनीचे नोकर नव्हते, त्यामुळे कंपनी त्यांना कामावरून काढू शकत नव्हती. पोर्टरांनी त्यांना पुढे केले ते याच हिशेबाने.

इथे मनमाडची आठवण अटळ आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी दाखवून दिले, की अस्पृश्याला पोर्टरची जागाही मिळत नाही, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामे करावी लागतात. तिकडे रंगामुळे पोर्टरच व्हावे लागे, इकडे जातीमुळे पोर्टरही होता येत नसे.

१९२६ च्या अमेरिकन रेल्वे कामगार कायद्यात एक तरतूद आहे. संपामुळे वाहतूक कोलमडण्याचा धोका असेल, तर राष्ट्राध्यक्षाने आणीबाणी मंडळ नेमून वाद ऐकायचा. १९२८ मध्ये रँडॉल्फ यांनी संपाचा इशारा दिला तो हे मंडळ नेमले जावे म्हणूनच. सरकारच्या मध्यस्थ मंडळाने मात्र आणीबाणी नाहीच असा निर्णय दिला. पोर्टर गेले तर दुसरे येतील, गाड्या धावतील! जूनमध्ये संप ऐनवेळी मागे घ्यावा लागला. सभासद झपाट्याने गळाले, कार्यालयाचे भाडे थकले, तरी रँडॉल्फ हटले नाहीत. १९३४ च्या दुरुस्तीने कंपनीच्या पाळीव युनियनला चाप बसला. १९३५ च्या मतदानात संघटना जिंकली. २५ ऑगस्ट १९३७ रोजी, बरोबर १२ वर्षांनी, करारावर सह्या झाल्या. कामाचे तास २४० वर आले, पगार वाढला.

१९४१ मध्ये त्यांनी संरक्षण कारखान्यांतील वर्णभेदाविरुद्ध वॉशिंग्टनवर मोर्चाचा इशारा दिला आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना बंदी आदेशावर सही करावी लागली. १६ मे १९७९ रोजी रँडॉल्फ यांचे निधन झाले.

तो कायदा मात्र अजून आहे. २०२२ मध्ये मालगाड्यांवरच्या कामगारांनी पगारी आजारी रजा मागितली. या वेळी सरकारला आणीबाणी लगेच दिसली. मंडळ नेमले गेले, त्याने पगारवाढ सुचवली, आजारी रजेची मागणी डावलली. १२ पैकी ४ युनियननी करार फेटाळला, तर संसदेने तोच कायद्याने लादला. २ डिसेंबर २०२२ रोजी बायडन यांची सही झाली आणि संप बेकायदा ठरला. सात दिवसांच्या रजेचा वेगळा ठराव कनिष्ठ सभागृहात मंजूर झाला होता, पण सिनेटमध्ये ६० मते हवी असताना ५२ च मिळाली. १९२८ मध्ये कामगार बिनमहत्त्वाचा म्हणून मंडळ नाकारले, २०२२ मध्ये तो फार महत्त्वाचा म्हणून संप नाकारला. पुढे २०२३ मध्ये काही रेल्वे कंपन्यांनी एकेका युनियनशी वेगळे करार करून थोड्या दिवसांची रजा दिली.