विश्लेषण : ‘आलम आरा’चे चित्रीकरण रात्रीच का व्हायचे? आवाजासाठी अर्देशीर इराणींनी काय केले?

मुंबईत गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ झळकला आणि भारतीय चित्रपट बोलू लागला. निर्माते-दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण या चित्रपटाचे ध्वनिमुद्रणही त्यांनीच सांभाळले होते, हे अनेकांना माहीत नसते.

कोण होते इराणी?

५ डिसेंबर १८८६ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला. सुरुवातीला चित्रपटगृहे चालवली, मग मूकपट काढले. १९२६ मध्ये त्यांनी इम्पिरियल फिल्म कंपनी स्थापन केली. हॉलिवूडचा अर्धवट बोलका ‘शो बोट’ पाहिल्यावर त्यांनी पूर्ण बोलपट काढायचे ठरवले.

ध्वनिमुद्रण कोणी केले?

यंत्रासोबत विल्फोर्ड डेमिंग हे अमेरिकी तंत्रज्ञ आले. त्यांचे मानधन दिवसाला १०० रुपये, म्हणजे त्या काळी मोठीच रक्कम. ते परवडेना, म्हणून इराणी आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरूचा महिनाभरात त्यांच्याकडून काम शिकले आणि पुढचे ध्वनिमुद्रण दोघांनीच केले.

रात्रीच चित्रीकरण का?

वापरलेली टॅनार यंत्रणा ‘सिंगल सिस्टीम’ होती. म्हणजे दृश्य आणि आवाज एकाच वेळी, एकाच फिल्मवर उमटत. नको असलेला आवाज नंतर काढून टाकायची सोयच नव्हती. स्टुडिओ रेल्वे रुळांलगत, त्यात तो साउंडप्रूफ नव्हता. त्यामुळे गाड्या थांबल्यावर, साधारण रात्री १ ते ४ या वेळेत काम चाले. पार्श्वगायन अजून आलेले नव्हते. कलाकार कॅमेऱ्यासमोरच गात, वादक आडोशाला बसत आणि माइक कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे लपवले जात.

आज काय बदलले?

आता आवाज कॅमेऱ्यापासून वेगळा रेकॉर्ड होतो. साउंड रेकॉर्डिस्ट हेडफोन लावून पातळी सांभाळतो, बूम ऑपरेटर लांब दांडीवरचा माइक फ्रेमबाहेर धरतो आणि सहायक कपड्यांत छोटे माइक लावतो. दृश्य आणि आवाज जुळवायला क्लॅपचा ‘टक्’ उपयोगी पडतो. बिघडलेला संवाद डबिंगमध्ये पुन्हा बोलता येतो. इराणींकडे यातला एकही पर्याय नव्हता.

१४ ऑक्टोबर १९६९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. छायाचित्रे उरली आहेत; ज्या आवाजासाठी रात्री जागवल्या, तो मात्र आता ऐकता येत नाही.