गोळी कुणाला मारायची नाही?

नेमबाजी म्हटलं, की आपल्याला कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे आठवतो. पॅरिस ऑलिम्पिकची ती शांत रेंज, समोर एकच टार्गेट आणि ठरलेलं अंतर. पण नेमबाजीचा आणखी एक प्रकार आहे. त्यात खेळाडू पिस्तूल घेऊन अक्षरशः पळतो. कधी भिंतीआडून, तर कधी खिडकीतून गोळ्या झाडतो. समोरच्या काही टार्गेट्सना मात्र चुकूनही गोळी लागता कामा नये! या खेळाचं नाव प्रॅक्टिकल शूटिंग. तो उभा करण्यात सगळ्यात मोठा वाटा होता जेफ कूपरचा. हा गडी सैनिक होता आणि इतिहासाचा मास्तरही.

जॉन डीन कूपर हे त्याचं खरं नाव. जन्म 10 मे 1920, लॉस एंजेलिसचा. स्टॅनफर्डमध्ये राज्यशास्त्र शिकला, मग अमेरिकेच्या मरीन कोअरमध्ये अधिकारी झाला. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या आघाडीवर होता. कोरियन युद्धाच्या वेळी पुन्हा गणवेश चढवला आणि लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोचला. नंतर इतिहासात एमए केलं आणि काही वर्षं शिकवलंही.

सैन्यात असताना एक गोष्ट त्याला खटकत होती. पिस्तुलाचा सराव म्हणजे एका जागी ताठ उभं राहायचं, एक हात पुढे करायचा आणि सावकाश नेम धरायचा. पण जीवावर बेतल्यावर इतका वेळ देतो कोण? म्हणून 1950च्या दशकात त्याने कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर लेक इथं वेगळ्याच स्पर्धा सुरू केल्या. सुमारे 7 यार्डांवर फुगे लावलेले असायचे. दोघांनी समोरासमोर पिस्तूल उपसायचं, ज्याचा फुगा आधी फुटेल तो जिंकला. बहुतेक जण सिनेमातल्या काउबॉयसारखे कमरेवरूनच धडाधड गोळ्या झाडायचे आणि चुकायचे. जॅक वीव्हर नावाच्या पोलिसाने मात्र पिस्तूल दोन्ही हातांनी धरलं, डोळ्यांसमोर आणलं, नेम धरला आणि तो जिंकायला लागला. कूपरने त्यावरून धडा घेतला. वेग हवाच, पण तो अचूक असला तरच कामाचा. वीव्हरची ही पद्धत त्याने लेखांमधून जगभर पोचवली.

मे 1976मध्ये अमेरिकेतल्या कोलंबिया, मिसुरी इथं वेगवेगळ्या देशांतले नेमबाज जमले आणि ‘आयपीएससी’ ही आंतरराष्ट्रीय संघटना जन्माला आली. पहिला अध्यक्ष अर्थातच कूपर. बोधवाक्यात तीन लॅटिन शब्द, अर्थ अचूकता, ताकद आणि वेग. त्याच वर्षी त्याने अॅरिझोनात नेमबाजीची शाळा काढली. सुरक्षेचे त्याचे चार नियम आज जगभर शिकवले जातात. बंदूक नेहमी भरलेली आहे असंच समजा. जे उद्ध्वस्त करायचं नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम लागेपर्यंत ट्रिगरवर बोट नको. आणि चौथा नियम, आपण कशावर गोळी झाडतोय आणि त्याच्या मागे काय आहे, याची आधी खात्री करा.

हा चौथा नियम खेळात जिवंत ठेवतं ते ‘पेनल्टी टार्गेट’, म्हणजेच ‘नो-शूट’. मारायचं टार्गेट तपकिरी पुठ्ठ्याचं असतं. नो-शूट वेगळ्या रंगाचं, बहुतेक वेळा पांढरं असतं किंवा त्यावर फुली मारलेली असते. स्टेज आखणारा ते मुद्दाम अडचणीच्या जागी लावतो. कधी तपकिरी टार्गेटचा अर्धा भाग त्याने झाकलेला असतो, कधी दोन टार्गेट्सच्या मध्ये ते उभं असतं. दिसायला साधा पुठ्ठा, पण समजायचं असं, की तिथं एक निरपराध माणूस उभा आहे.

आता हिशेब बघा. सहा टार्गेट्स, प्रत्येकावर दोन गोळ्या, मधोमध लागलेल्या गोळीचे 5 गुण. सगळं अचूक बसलं तर 60. तुम्हाला 12 सेकंद लागले, तर गुण भागिले वेळ, म्हणजे 5. यालाच हिट फॅक्टर म्हणतात. एखादी गोळी पांढऱ्या पुठ्ठ्याच्या कडेला छेदून मागच्या टार्गेटलाही लागली, तर दोन्हीकडे मोजली जाते. त्या गोळीचे गुण मिळतात, पण पेनल्टीचे 10 वजा. उरले 50, फॅक्टर 4.17. तो पुन्हा 5 वर न्यायचा, तर अख्खी स्टेज 10 सेकंदांत संपवावी लागेल! गोळी पूर्णपणे पांढऱ्याच्या आत लागली, तर मागच्या टार्गेटवरचं भोक धरलंच जात नाही. मग 5 गुण गेले, टार्गेट चुकलं म्हणून 10 गेले आणि पेनल्टीचे 10. एका गोळीने 25 गुण खाल्ले! फॅक्टर थेट 2.92. घाई किती महागात पडते, हे इथं लगेच कळतं.

पुढे कूपर याच खेळावर नाराज झाला. जिंकण्यासाठी लोक खास स्पर्धेपुरती पिस्तुलं बनवून घ्यायला लागले. खऱ्या आयुष्याशी नातं तुटलं, हा फक्त खेळ उरला, असं त्याचं मत होतं आणि ते त्याने उघडपणे मांडलंही. 25 सप्टेंबर 2006 रोजी, 86व्या वर्षी तो गेला.

त्याची तक्रार पिस्तुलांच्या बाबतीत खरीही असेल. पण पिस्तूल कितीही महागडं असो, पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर ते कामी येत नाही. तिथं खेळाडूला क्षणभर स्वतःला आवरावंच लागतं, मारायचं कुणाला हे बघावंच लागतं. मास्तरचा चौथा नियम आजही प्रत्येक स्टेजवर असा गुण कापून शिकवला जातोय.