होमी भाभांनी थोरियमसाठी जपलेली वाळू आज ‘रेअर अर्थ’साठी का महत्त्वाची ठरतेय?

अवसरी खुर्दहून नारायणगावच्या दिशेने गेलं की खोडद परिसरात आभाळाकडे तोंड करून उभ्या असलेल्या ४५ मीटर व्यासाच्या डिश दिसतात. ही जीएमआरटी दुर्बीण उभारली टीआयएफआरने, आणि टीआयएफआर उभी केली डॉ. होमी भाभांनी.

भारताच्या अणुकार्यक्रमाचे जनक म्हणून भाभा सगळ्यांना माहीत आहेत. पण देशातली ‘रेअर अर्थ’ची सरकारी कंपनीही त्यांच्याच काळात सुरू झाली, हे फारसं बोललं जात नाही.

सुट्टीला आले आणि इथलेच झाले

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतल्या पारशी कुटुंबात भाभांचा जन्म झाला. त्याच वर्षी शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट सापडलं. या दोन गोष्टींची गाठ पुढे चाळीस वर्षांनी पडणार होती.

घरच्यांच्या इच्छेनुसार भाभा केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकले, पण रमले भौतिकशास्त्रात. १९३९ मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले, तेवढ्यात दुसरं महायुद्ध पेटलं. परत जाणं राहिलं आणि ते बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. १९४५ मध्ये टाटा ट्रस्टच्या मदतीने त्यांनी टीआयएफआर सुरू केली. १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, त्याचे पहिले अध्यक्षही भाभाच.

वाळूत असं काय होतं?

मोनाझाइटमध्ये साधारण निम्म्याहून जास्त भाग रेअर अर्थ ऑक्साइडचा असतो आणि ८ ते ९ टक्के थोरियम ऑक्साइड. थोडं युरेनियमही असतं. भारताकडे युरेनियम कमी, थोरियम भरपूर. म्हणून भाभांनी तीन टप्प्यांचा अणुकार्यक्रम आखला. त्याचा शेवटचा टप्पा थोरियमवर चालणार होता.

मग ही वाळू कच्च्या मालासारखी बाहेर विकायची नाही, इथेच प्रक्रिया करायची असं धोरण ठरलं. ऑगस्ट १९५० मध्ये केंद्र आणि त्रावणकोर-कोचीन सरकारने मिळून इंडियन रेअर अर्थ्स लिमिटेड स्थापन केली. डिसेंबर १९५२ मध्ये केरळच्या आलुवा इथल्या कारखान्याचं उद्घाटन पंडित नेहरूंनी केलं. तिथून निघणारं थोरियम शुद्ध करायला १९५५ मध्ये तुर्भे, म्हणजे ट्रॉम्बेला कारखाना सुरू झाला.

गंमत म्हणजे, नावात ‘रेअर अर्थ’ असलं तरी देशाला हवं होतं थोरियम. रेअर अर्थ हे जोडउत्पादन. लायटरचे खडे, काचेची पॉलिश एवढाच त्याचा मोठा उपयोग.

खरा प्रश्न किरणोत्साराचा

मोनाझाइट कॉस्टिक सोड्यात शिजवलं की फॉस्फेट सुटं होतं. मग रेअर अर्थ आणि थोरियम वेगळं करतात. पण थोरियमसोबत रेडियमही येतं. ते बेरियम सल्फेटबरोबर खाली बसवून काढावं लागतं, आणि उरलेला किरणोत्सारी गाळ बंदिस्त जागेत सांभाळावा लागतो. म्हणजे रेअर अर्थ हवं, तर हा गाळही पदरात घ्यावाच लागतो.

भाभांच्या काळात यावर उत्तर होतं सरकारी मक्तेदारी. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने अशा पदार्थांवर केंद्राचं घट्ट नियंत्रण आलं. त्यामुळे वाळू कुणाच्याही हाती गेली नाही. पण दोन गोष्टी अडल्या. एक, खासगी उद्योगाला वावच राहिला नाही. दुसरी, कारखाना चालवणारे आणि त्याच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारे एकाच विभागातले. अणुऊर्जा नियामक मंडळ आलं ते थेट १९८३ मध्ये.

ते बघायला भाभा नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर एअर इंडियाचं विमान कोसळलं, त्यात त्यांचा मृत्यू झाला. वय होतं अवघं ५६.

आज काय?

आता पारडं फिरलंय. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटारीतल्या चुंबकाला निओडिमियम लागतं. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही रेअर अर्थ आणि चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले आणि भारतातल्या वाहन कंपन्यांची धावपळ उडाली. भाभांसाठी थोरियम हा खजिना होता आणि रेअर अर्थ जोडउत्पादन. आजच्या उद्योगाला रेअर अर्थ हवंय आणि थोरियम सांभाळायची जबाबदारी वाटते.

वाळू मात्र तीच आहे. ती उद्योगासाठी किती खुली करायची आणि गाळाची राखण कुणी करायची, हा भाभांच्या काळातला प्रश्न आजही तसाच समोर आहे.