भाभांनी बसवलेला कॉम्प्युटर

गेल्या चवथीच्या सुट्टीत कुडाळला घरी गेलो तर आमचा पीसी गेलेला. पावसाच्या सुरुवातीला विजांचा गडगडाट झाला, त्यात आधी एसएमपीएस आणि पाठोपाठ मदरबोर्ड. मी चौथीत असताना घेतलेला तो असेंबल्ड डबा, त्यामुळे फार वाईट वाटायचं कारण नव्हतं. पण आईच्या बचत गटाचे सगळे हिशेब त्यात होते. बावीस बायकांची वर्गणी, कर्ज, कोकमाच्या आगळाची विक्री, सगळं! आणि घरात इंजिनिअर (होऊ घातलेला) असताना दुरुस्ती बाहेर द्यायची म्हणजे माझी शोभाच.

मावसभावाने सरळ लॅपटॉप घ्यायला सांगितलं. आणायचा, बटण दाबायचं, विषय संपला. पण माझ्याकडे इंटर्नशिपचे थोडे पैसे होते आणि अंगात किडा होता. मी रास्पबेरी पाय 4 मागवला. एटीएम कार्डाएवढा बोर्ड, 4 जीबी रॅम. जुना मॉनिटर, जुना कीबोर्ड लावला की झाला डेस्कटॉप, असा माझा हिशेब. बोर्ड हातात आल्यावर कळलं की त्याला साधी एचडीएमआय केबल चालत नाही, मायक्रो एचडीएमआय लागते. शिवाय आमचा मॉनिटर व्हीजीएचा, म्हणजे मध्ये कन्व्हर्टर हवाच. कुडाळच्या बाजारात चार दुकानं फिरलो. मिनी मिळाली, मायक्रो नाही. ऑनलाईन ऑर्डर केली आणि चार दिवस हात चोळत बसलो.

त्या चार दिवसांत गणपतीच्या आरासीसाठी कपाट रिकामं करताना एक जुनं पुस्तक सापडलं, बालवैज्ञानिक परीक्षेचं. तुमच्यापैकीही काही जण सहावीत किंवा नववीत डॉ. होमी भाभांच्या नावाच्या त्या परीक्षेला बसले असतील. मी सहावीत बसलो होतो, आणि लेखी परीक्षेतच गारद झालो होतो. परीक्षा ज्यांच्या नावाची त्यांच्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की त्यांनी भारतात अणुशक्ती आणली. बोर्ड समोर निपचित पडलेला, हातात मोबाईल आणि वेळच वेळ. म्हणून वाचत गेलो, आणि या माणसाने मुंबईत कॉम्प्युटर बसवला होता हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. म्हटलं, हे आपल्या मासिकात यायलाच हवं.

मेकॅनिकलवाल्यांनी कॉलर टाईट करायला हरकत नाही, कारण भाभा मुळात मेकॅनिकलचे! जन्म 30 ऑक्टोबर 1909, मुंबईतलं सुखवस्तू पारशी घर. वडील बॅरिस्टर, आत्या दोराबजी टाटांची पत्नी. 1927 मध्ये होमी केंब्रिजला गेले ते मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला. घरच्यांच्या मनात होतं की परत येऊन त्यांनी जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जावं. जागा जवळजवळ ठरलेली, म्हणजे आपल्या भाषेत कॅम्पसच्या आधीच प्लेसमेंट! पण केंब्रिजला त्या काळात भौतिकशास्त्राची नुसती धमाल चालली होती आणि होमींचं मन तिकडे ओढलं गेलं. 1928 मध्ये त्यांनी वडिलांना पत्र लिहून कळवलं की इंजिनिअर होणं आपल्या स्वभावात नाही, आपल्याला भौतिकशास्त्रच करायचं आहे. वडील माणूस व्यवहारी. आधी मेकॅनिकल पहिल्या वर्गात पास हो, मग गणिताचा खर्च मी करतो, असा तोडगा त्यांनी काढला. पोराने 1930 मध्ये मेकॅनिकलला पहिला वर्ग मिळवला आणि 1932 मध्ये गणितालाही. ब्रँच बदलण्यासाठी आपल्याकडे डीटीईच्या चकरा मारणाऱ्यांनी हा मार्ग लक्षात ठेवावा.

पुढची वर्षं भराभर गेली. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं त्यांनी केलेलं गणित आजही भाभा स्कॅटरिंग म्हणून शिकवलं जातं. 1937 मध्ये हाइटलर यांच्याबरोबर त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. 1939 मध्ये ते सुट्टीसाठी भारतात आले आणि सप्टेंबरात महायुद्ध पेटलं. परतीची वाट बंद. मग बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये, जिथे सी. व्ही. रामन होते, तिथे ते रुजू झाले. 1941 मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. सुट्टीवर आलेला माणूस इथेच राहिला. मार्च 1944 मध्ये त्यांनी टाटांच्या ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था काढायची कल्पना मांडली, आणि 1945 मध्ये टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, म्हणजे आपली टीआयएफआर, सुरू झाली. आधी बंगळूर, मग त्याच वर्षी पेडर रोडवरचा केनिलवर्थ बंगला, 1949 पासून गेटवेजवळचा जुना यॉट क्लब, आणि शेवटी कोलाब्याच्या टोकाला समुद्राकाठी स्वतःची इमारत.

आता खरी गोष्ट. विश्वकिरण असोत की अणुभट्टी, आकडेमोड अफाट. त्या वेळी शास्त्रज्ञांच्या टेबलावर काय असायचं? दातेरी चाकांची, हँडल फिरवून गुणाकार करायची गणनयंत्रं. तोच त्यांचा डेस्कटॉप म्हणा! परदेशात मात्र इलेक्ट्रॉनिक संगणक चालू झाले होते. नवं यंत्र हवं, हे सगळ्यांना दिसत होतं. प्रश्न एवढाच होता की आणायचं कुठून.

कोलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने, म्हणजे महालनोबिसांनी, 1955-56 मध्ये इंग्लंडहून एचईसी-2एम हे यंत्र आणून बसवलं. तो भारतातला पहिला डिजिटल संगणक. तोही काही बटण दाबा आणि वापरा असा नव्हता, पण निदान तयार घेतलेला होता. टीआयएफआरने दुसरा रस्ता धरला : स्वतः बांधायचा. 1954 मध्ये आर. नरसिंहन अमेरिकेहून शिकून आले, त्यांच्याभोवती जेमतेम अर्धा डझन माणसांचा गट जमला. बहुतेक जण भौतिकशास्त्राचे पदवीधर. संगणक बांधायचा अनुभव कोणालाच नव्हता. आपल्या प्रोजेक्ट ग्रुपसारखीच परिस्थिती, फरक इतकाच की यांना तयार रिपोर्ट देणारा सीनिअर नव्हता.

भाभांनी स्वतः सोल्डरिंग केलं नाही, हे स्पष्ट सांगतो. नाहीतर चरित्र लिहिताना सगळं नायकाच्या नावावर टाकायची आपल्याला सवय असते. त्यांची रीत वेगळी होती. आधी माणूस हेरायचा, मग त्याच्याभोवती काम उभं करायचं, पैसा आणि जागा द्यायची, आणि त्याला करू द्यायचं. या गटाने आधी एक छोटं प्रायोगिक यंत्र केलं. 12 बिटांचा शब्द आणि असे 256 शब्द मावतील एवढी स्मृती. 1956 च्या अखेरीस ते चालू झालं. तिकडे ट्रॉम्बेला ऑगस्ट 1956 मध्ये अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, तेच हे वर्ष. प्रायोगिक यंत्र चाललं म्हटल्यावर 1957 मध्ये मोठ्या यंत्राला हात घातला, आणि फेब्रुवारी 1960 मध्ये ते रीतसर वापरात आलं.

काय होतं त्यात? सुमारे 2700 निर्वात नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, 1700 जर्मेनियम डायोड, साडेबारा हजार रेझिस्टर. सगळं मिळून अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच पोलादी कपाट, आतल्या सर्किटपर्यंत हात पोचावा म्हणून दोन्ही बाजूंना दारं. व्हॉल्व्ह म्हणजे बल्बचा भाऊ. तापतो आणि कधी ना कधी उडतो. 2700 पैकी कुठला उडाला हे शोधणं म्हणजे काय, ते ज्याने ब्रेडबोर्डवर एक लूज वायर शोधण्यात अख्खं प्रॅक्टिकल घालवलंय त्यालाच कळेल. स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची, तारांच्या जाळीत ओवलेल्या. एका बिटाला एक कडी. 40 बिटांचे 1024 शब्द, म्हणजे सुरुवातीला 40,960 बिट. हॉस्टेलच्या खाटेवर बसून मी भागाकार केला : बरोबर 5 केबी. माझ्या कार्डाएवढ्या बोर्डाची रॅम त्याच्या आठ लाख पटींहून जास्त! प्रोग्रॅम द्यायचा तो कागदी पट्टीला भोकं पाडून, उत्तर यायचं टेलिप्रिंटरवर. एक चीज मात्र काळाच्या मानाने भारी होती : आकृती दाखवणारा कॅथोड रे ट्यूबचा पडदा.

जानेवारी 1962 मध्ये पंडित नेहरू कोलाब्याच्या इमारतीच्या उद्घाटनाला आले तेव्हा या यंत्राला टिफरॅक हे नाव मिळालं. भाभांचा हौशी स्वभाव त्या इमारतीतही दिसतो. ते स्वतः चित्रं काढायचे, पाश्चात्त्य संगीताचे वेडे होते, आणि प्रयोगशाळेत हुसेनांचं भलंमोठं भित्तिचित्र लावून घेणारे होते. बांधकामाच्या आड आलेलं झाड तोडण्यापेक्षा मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्याकडे त्यांचा कल असे.

आता टीकाही ऐकली पाहिजे. टिफरॅक पूर्ण होईपर्यंत जग ट्रान्झिस्टरवर गेलं होतं. म्हणजे पाच-सहा वर्षं खपून बांधलेलं यंत्र उद्घाटनाच्या दिवशीच जुनं! मग एवढा खटाटोप कशाला, तयारच आणायचं होतं, असं कोणी म्हटलं तर ते चूक नाही. भाभांवर मोठा आक्षेपही आहे. सगळा पैसा आणि चांगली माणसं मोजक्या संस्थांत गेली आणि विद्यापीठं कोरडी राहिली. ज्यांच्या कॉलेजच्या लॅबमधलं यंत्र व्हायवाच्या दिवशीच बंद पडतं, त्यांना हा आक्षेप पटकन पटेल. मलाही तो पटतो. पहिला मात्र पटत नाही, आणि त्याचं कारण पुढच्या दोन वर्षांत आहे.

टिफरॅक दोन पाळ्यांत चालायचा. टीआयएफआरचेच नव्हे, बाहेरच्या संस्थांचेही लोक आपापली गणितं घेऊन यायचे. यंत्र पुरेना. 1964 मध्ये भाभांनी अमेरिकेहून कंट्रोल डेटा कंपनीचा सीडीसी 3600 आणला. ट्रान्झिस्टरचा, 48 बिटांचे 32 हजारांवर शब्द साठवणारा, तेव्हाच्या मोठ्या यंत्रांपैकी एक. कागदी पट्टी गेली, पंच कार्डं आली. यंत्राच्या भाषेतली आकडेमोड मागे पडून फोरट्रान आली. सगळंच नवं! पण हे खोकं उघडायला जी माणसं उभी होती त्यांनी दहा वर्षं संगणक आतून पाहिलेला होता. ते केवळ गिऱ्हाईक नव्हते. ज्याने स्वतः कड्यांत तारा ओवलेलं यंत्र चालवलंय त्याला मॅन्युअलमधलं काय खरं आणि काय जाहिरात हे कळतं. हे केंद्र मग देशभरातल्या संशोधकांना खुलं झालं, आणि भारतात प्रोग्रॅमिंग शिकलेल्यांची एक मोठी पिढी त्या पंच कार्डांवर तयार झाली. विकत घेणं आणि बांधणं यांतलं एकच निवडायचं असतं असं आपण धरून चालतो. भाभांनी दोन्ही केलं, फक्त आधी बांधलं.

चीन युद्धानंतर, 1963 मध्ये, सरकारने इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. अध्यक्ष भाभा. देशाला दहा वर्षांत काय काय लागेल आणि ते इथे कसं बनवायचं याचा आराखडा या समितीने केला. तो छापून आला 1966 मध्ये, पण भाभांनी तो पाहिला नाही. 24 जानेवारी 1966 ला ते व्हिएन्नाला अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघाले होते. एअर इंडियाचं कांचनजंगा हे बोइंग 707 विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळलं, त्यातले सगळे 117 जण गेले. भाभा 56 वर्षांचे होते. लग्न केलेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचं नाव दिलं गेलं आणि हैदराबादला ईसीआयएल निघाली. तिचा टीडीसी-12 हा संगणक 1969 मध्ये आला. अणुऊर्जा खात्याच्याच कुशीतला, टिफरॅकचा धाकटा भाऊ म्हणा.

इकडे पाचव्या दिवशी माझी केबल आली. मेमरी कार्डावर लिनक्स चढवलं, सगळं जोडलं, आणि पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकायला लागली. मी मोबाईलचा चार्जर लावला होता आणि बोर्डाला 5 व्होल्टवर 3 अँपिअर लागतात. तो योग्य ॲडॅप्टर आला तेव्हा गौरी जाऊन दोन दिवस झाले होते. जुनी हार्ड डिस्क नशिबाने शाबूत होती. सव्वाशे रुपयांच्या केबलने ती जोडली, आईची फाईल उघडली, आकडे सगळे जागेवर... आणि नावांच्या जागी नुसत्या इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा! जुना फाँट युनिकोडचा नव्हता. मी कन्व्हर्टर शोधत बसलो असतो, पण आईने चष्मा लावला आणि आकडे बघून कुठली ओळ कोणाची ते सांगायला सुरुवात केली. कोणी मार्चमध्ये कर्ज घेतलं, कोणाचे दोन हप्ते चुकले, सगळं तिच्या डोक्यात. इनस्क्रिप्टची बटणं शोधत मी बावीस नावं टंकली, मध्ये दोनदा लाईट गेली, आणि रात्री अकराला हिशेब जुळला.

आता तो बोर्ड टीव्हीच्या शेजारी आहे. आईने त्याच्यावर विणलेला रुमाल घातलाय, धूळ बसू नये म्हणून. तापतो, रुमाल काढ, असं मी हॉस्टेलवरून दर रविवारी फोन करून सांगतो. ती काढते आणि, बाबा सांगतात, सोमवारी परत घालते.