लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात

ज्याच्या पाठीशी वशिला नाही, त्याने आपल्या मुलास सेनाधिकारी करण्याची उमेद बाळगू नये, असे मत पुष्कळ आईबाप बोलून दाखवितात. या मताची पारख करावयाची असेल, तर लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचे चरित्र अवश्य पाहावे.

शंकररावांचा जन्म १९०६ साली कोल्हापूरकडील वडगाव येथे झाला. त्यांच्या बालपणी हिंदी शिपाई कितीही शूर असला, तरी त्याची मजल सुभेदारीपलीकडे सहसा जात नसे. १९१७ साली हिंदी तरुणांस राजाची सनद देण्याचे ठरले आणि पुढील वर्षी इंग्लंडातील सँडहर्स्ट येथील लष्करी विद्यालयात दरसाल दहा जागा त्यांच्यासाठी राखण्यात आल्या. तीस कोटींवर वस्तीचा देश आणि जागा अवघ्या दहा!

या जागा भरण्याची रीतही ध्यानात घेण्यासारखी आहे. उमेदवाराच्या अर्जास सरकारी अधिकाऱ्याची शिफारस लागे. ती प्रांतिक सरकारामार्फत वर जाई. आणि अखेरची निवड व्हाइसरॉयच्या हाती असे. अशा वाटेवर संस्थानिक, जमीनदार व सरकारची चाकरी केलेली घराणी यांचे पाऊल साहजिकच पुढे पडे. याच काळात शंकरराव सँडहर्स्टला गेले व १९२६ साली सनद मिळवून बाहेर पडले.

वशिल्याने लायक मनुष्याची जागा जाते, हे सर्वांस कळते. परंतु ज्यास जागा मिळते, त्याच्या लायकीविषयीही लोकांच्या मनात किंतु राहतो, ही दुसरी हानी फारसे कोणी जाणत नाही. हा किंतु केवळ कर्तृत्वानेच फिटतो. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशातील कांगाव येथे थोरातांच्या पंजाब पलटणीने जपान्यांचे बळकट ठाणे निकराची झुंज देऊन काबीज केले. त्या पराक्रमाबद्दल त्यांस ‘डी. एस. ओ.’ हे मानचिन्ह मिळाले. शत्रूच्या गोळीपुढे कोणाची चिठ्ठी चालत नाही!

पुढे १९५३-५४ साली कोरियातील युद्धकैद्यांच्या रक्षणासाठी गेलेल्या हिंदी फौजेचे आधिपत्य त्यांनी केले. १९५७ पासून ते पूर्व विभागाचे सेनापती होते. चीनकडून होणाऱ्या आक्रमणाचा धोका त्यांनी वेळीच ओळखला आणि १९६० साली लखनौ येथे ‘लाल किल्ला’ नावाच्या युद्धाभ्यासात तो वरिष्ठांपुढे स्पष्ट मांडला. निवृत्त होणारे सरसेनापती थिमय्या यांनी आपल्या जागी थोरातांची शिफारस केली होती. परंतु सरकारने सेवेने ज्येष्ठ असलेल्या थापरांस नेमले व १९६१ साली थोरात निवृत्त झाले. १९६२ च्या युद्धाने त्यांचा इशारा खरा ठरविला. तेव्हा राष्ट्रीय संरक्षण परिषदेत त्यांस घेण्यात आले. १९९२ साली ते निवर्तले.

शिफारशीची ती जुनी वाट त्यांच्या हयातीतच मोडली. स्कीन समितीने १९२६ साली खुल्या परीक्षेचा व स्वदेशी विद्यालयाचा पुरस्कार केला. १९३२ साली देहरादून येथे विद्यालय निघाले व तेथील काही जागा चढाओढीच्या परीक्षेने भरू लागल्या. आज पुण्याजवळील खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जाणाऱ्यास लोकसेवा आयोगाची ९०० गुणांची लेखी परीक्षा द्यावी लागते. तीत उतरल्यावर निवड मंडळापुढे तितक्याच गुणांची कसोटी होते. ती सुमारे पाच दिवस चालते, आणि मानसशास्त्रज्ञ, गटकार्याचा परीक्षक व मुलाखतकार हे तिघे उमेदवारास निरनिराळे पारखतात. एकाच्या कानात कोणी शब्द टाकला, तरी बाकीच्या दोघांची पारख उरतेच. २०२२ पासून मुलींसही हे दार मोकळे झाले आहे.

तरीही सैनिकाच्या घरातील मुलास एक लाभ असतो, हे नाकारता येत नाही. शिस्त, व्यायाम, चारचौघांत निर्भयपणे बोलणे हे त्यास घरीच मिळते. परंतु हे धन कमावता येते. १९६१ साली साताऱ्यास निघालेली सैनिक शाळा त्याचसाठी आहे. आणि मरोळच्या मुलास पहाटेची धाव, वाचन व मैदानावरील खेळ यांस कोणाची परवानगी लागत नाही.

म्हणून पालकांनी ओळखीचा साहेब शोधण्यात वर्ष दवडू नये व दलालास पैसा देऊ नये. विद्यार्थ्यांनी आपली तयारी हीच आपली शिफारस मानावी. तिच्या बळावर मिळविलेल्या जागेविषयी कोणाच्या मनात किंतु राहत नाही.